कागदी दारांच्या घरातली बंद खोली

आतून कडी लावलेल्या खोलीत प्रेत सापडतं आणि खुनी गायब असतो. एडगर अॅलन पोने १८४१ मध्ये हे कोडं घातलं, तेव्हापासून ते रहस्यकथेचं हुकमी पान झालं. पण त्याला जाड भिंती आणि भक्कम दार लागतं. जुन्या जपानी घरात खोल्यांच्या मधे असतात कागद लावलेली सरकती दारं. तिथे हे कोडं उभं राहणार कसं? जपानी रहस्यकथेचा इतिहास मला या प्रश्नाच्या वाटेने जास्त नीट उलगडतो.

सुरुवात वर्तमानपत्रांतून झाली. कुरोइवा रुइको हे पत्रकार परदेशी गुन्हेकथांची रूपांतरं क्रमशः छापत. १८८९ मध्ये त्यांनी ‘मुझान’ लिहिली. जपानीतली पहिली स्वतंत्र रहस्यकथा म्हणून तिचं नाव घेतात. पुढे १९२० साली ‘शिनसेइनेन’ मासिक निघालं आणि १९२३ मध्ये त्यात हिराई तारो या तरुणाची पहिली कथा आली. त्याने टोपणनाव घेतलं एदोगावा रानपो. मोठ्याने म्हणून पाहा, एडगर अॅलन पो ऐकू येईल! पण रानपोंचा ओढा तर्काइतकाच विकृतीकडे, भयाकडेही होता. युद्धकाळात सेन्सॉरची करडी नजर फिरली. सैनिकाच्या छिन्न देहावरची त्यांची ‘इमोमुशी’ १९३९ मध्ये छापायला बंदी झाली.

युद्धाच्या शेवटी रहस्यकथाकार योकोमिझो सेइशी कुटुंबासह ओकायामातल्या एका खेड्यात राहायला गेले. १९४६ मध्ये त्यांची ‘होनजिन सात्सुजिन जिकेन’ ही कादंबरी आली ती त्याच मातीतून. प्रतिष्ठित घराण्यातलं लग्न, पहिली रात्र, कोतो वाद्याचा झणकार, बाहेर बर्फात रोवलेली रक्ताळलेली तलवार आणि सगळीकडून बंद असलेलं वेगळं दालन. अस्सल जपानी घरातही हे कोडं जमतं, हे त्यांनी दाखवून दिलं. उत्तर इथे सांगत नाही. ते वाचूनच कळावं. याच कादंबरीतून किंदाइची कोसुके हा विस्कटलेल्या केसांचा गुप्तहेर वाचकांना भेटला.

त्याच वर्षी सरकारने रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या चित्रलिपी-अक्षरांच्या यादीत ‘तानतेइ’, म्हणजे गुप्तहेर, या शब्दातलं दुसरं अक्षर नव्हतं. म्हणून ‘तानतेइ शोसेत्सु’ मागे पडून ‘सुइरी शोसेत्सु’, तर्ककादंबरी, हे नाव रुळलं.

मात्सुमोतो सेइचो यांनी मग घराचाच उंबरठा ओलांडला. त्यांची ‘तेन तो सेन’ ही कादंबरी १९५७ पासून एका प्रवासविषयक मासिकात येऊ लागली. किनाऱ्यावर एका जोडप्याचे मृतदेह सापडतात, मागे सरकारी खात्यातला भ्रष्टाचार असतो, आणि सगळा पेच रेल्वेच्या वेळापत्रकात. टोकियो स्टेशनच्या एका फलाटावरून दुसरा फलाट दिसतो तो फक्त चार मिनिटं! आता ‘कसं’पेक्षा ‘का’ मोठं झालं, आणि पुढची दोन दशकं याच सामाजिक धाटणीचा दबदबा राहिला.

शिमादा सोजी यांनी १९८१ मध्ये कोड्याकडे परत वळायला सुरुवात केली होती. १९८७ साली क्योतो विद्यापीठाच्या रहस्यकथा मंडळातून आलेल्या आयात्सुजी युकितो यांनी दशकोनी घरातल्या खुनांची कादंबरी लिहिली. तिच्यात एका ओसाड बेटावर उतरलेली रहस्यकथावेडी मुलं एकमेकांना हाक मारतात ती एलरी, कार, अगाथा अशा पाश्चात्त्य रहस्यकथाकारांच्या नावांनी. त्यांच्यातल्या एकाचं नाव आहे पो.