दारू सोडायचं औषध फोनवर मिळतं का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी

मिळतं, पण सगळं नाही. अर्ज असा काही नसतोच, नाडकचेरीच्या (सरकारी दाखले देणाऱ्या कचेरीच्या) खिडकीला उभं राहायचं काम नाही, म्हणून लोक कागदच काढून ठेवत नाहीत आणि मग ऐन फोनवर पंचाईत होते.

25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोनवरून तपासायचे, नियम आले, त्यात आपल्या सीमाभागाच्या कामाची एक ओळ आहे: नोंदणी असलेला डॉक्टर देशात कुठल्याही पेशंटला फोनवर तपासू शकतो. म्हणजे पेशंट खानापूरचा आणि डॉक्टर कोल्हापूरचा असला तरी चालतंय, राज्य बघत नाहीत. कन्नडमध्ये मन मोकळं होत नाही म्हणून गप्प बसणारे आपल्याकडं कमी नाहीत, त्यांनी हे लक्षात ठेवा.

पेशंटनं स्वतः फोन लावला की संमती दिली असंच धरतात. नाव, वय, पत्ता सांगायचा, ओळखीला आधार जवळ ठेवायचं. जुना केस पेपर आणि चालू गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आधीच काढून ठेवा. अठराच्या आतला पोरगा असेल तर मोठं माणूस सोबत पाहिजेच.

खरा घोळ होतो तो बायकोनं नवऱ्यासाठी फोन केला की. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी लावला, दादा पडवीत पालथे पडलेले, पलीकडून डॉक्टर म्हणाले पेशंटला समोर आणा नाहीतर नात्याचा कागद दाखवा. वहिनींनी पत्र्याच्या पेटीतनं रेशन कार्ड काढून कॅमेऱ्यासमोर धरलं तर ते सगळं कन्नडमध्ये, डॉक्टरांना वाचायला येईना! शेवटी लग्नाचा दाखला चालला. तेव्हा नवरा शुद्धीत असताना एक संमतीपत्र सही करून घेऊन ठेवा, सकाळचं बघून.

आता जे मिळत नाही ते. एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यातल्या बहुतेक गोळ्या फोनवर लिहून देता येत नाहीत. अफू, ब्राऊन शुगर सोडायला देतात ते ब्युप्रेनॉर्फीन त्यातच येतं, त्याला दवाखान्यात जावंच लागतं, बेळगावचं सिव्हिल नाहीतर धारवाडचं डिमहान्स (मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल). माझं तर म्हणणं, दारूवाल्यानंही पहिली फेरी समोरासमोरच करावी, कारण त्याच दुखण्याला त्याच डॉक्टरकडं पुढचे 6 महिने फोन केला तर तो फॉलोअप धरतात आणि औषधं लिहायला डॉक्टरला जास्त मोकळीक असते, दर खेपेला एसटीचा खर्च आणि बुडालेला रोज वाचतो तो वेगळाच.

आणि रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली, दोन-तीन दिवसांत हात थरथरायला लागले, भास व्हायला लागले, फिट आली, तर व्हिडिओ कॉल करत बसू नका, 108 लावा.

नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस (मनाच्या त्रासासाठी सरकारी फोनलाईन) 14416, फुकट, मराठी निवडता येते. व्यसनासाठी वेगळा नंबर 14446.

चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी नंबर आहे का बघून घ्या, नुसता व्हॉट्सॲपवर गोळीचं नाव टाकलेला मेसेज मेडिकलवाल्याला दाखवून उपयोग नाही.