सुई बदलली, पण सिरिंज?
(आमच्या केंद्रात इंजेक्शन, सलाईन आणि ड्रेसिंगसाठी येणाऱ्यांसाठी)

“सिस्टर, सुई नवी आहे ना?” हे आम्हाला रोज कुणीतरी विचारतं. जरूर विचारा, पण सिरिंजबद्दलही विचारा. टोचताना डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश सुईतून सिरिंजमध्ये जाऊ शकतो. तिलाच नवी सुई लावून दुसऱ्याला टोचलं, तर हिपॅटायटिस बी, सी (यकृताला सूज आणणारे आजार) किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेरही निदान ७ दिवस तग धरतो. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात त्याची साथ आली आणि अनेकांचा जीव गेला. पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजमुळे ती पसरली होती.

म्हणून पाकीट आम्ही तुमच्यासमोरच फोडतो. ते फाटलेलं, ओलं किंवा तारीख उलटलेलं दिसलं तर बेलाशक थांबवा, आम्हाला राग येत नाही. औषधाच्या एका बाटलीतून अनेक डोस काढायचे असतील, तर दर वेळी नवी सिरिंज, नवी सुई. अशा बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली असते. २८ दिवसांनी, कंपनीने कमी मुदत दिली असेल तर त्याआधीच, ती टाकून देतो. वापरलेल्या सुईला टोपण परत लावत नाही. ती कापून पांढऱ्या जाड डब्यात जाते, सिरिंज लाल पिशवीत.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही काहीही टोचत नाही. “अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा” म्हणणाऱ्यांना नाही म्हणणं जिवावर येतं, पण अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये ४.५ ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ताकद कुठून येणार?

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनो, नवरा-बायको दोघांनाही साखर असेल तर इन्सुलिन टोचायचे पेन दोन हवेत. सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याला चालत नाही, कारण रक्ताचा अंश आतल्या औषधापर्यंत गेलेला असू शकतो. साखर तपासायला बोट टोचायचं पेनही ज्याचं त्याचं.

टोचलेल्या जागी लाली वाढत गेली, पू झाला किंवा ताप आला, तर शेकत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

घरच्या वापरलेल्या सुया घंटागाडीत टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला टोचतात. जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवा, झाकण घट्ट लावा आणि पाऊण भरली की आमच्याकडे आणून द्या. पैसे घेत नाही.