सेंट जेम्स पॅरिश, लंडन : मृत्युनोंदी आणि सार्वजनिक आरोग्य

लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातील पॅरिश. पॅरिश ही मुळात एका चर्चची हद्द. पण व्हिक्टोरिया राणीच्या काळात गोरगरिबांच्या मदतीसारखा नागरी कारभारही तिच्याकडे असे. सेंट जेम्सच्या हद्दीत पिकॅडिलीची श्रीमंत वस्ती होती आणि सोहोतील दाटीवाटीची घरेही. सोहोत एकेका खोलीत अख्खे कुटुंब राही, मैलाखड्डे घरालगत, तळघरांत किंवा अंगणांत असत.

इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. तीत मृत्यूच्या कारणासाठी वेगळा रकाना होता आणि या कारणांची वर्गवारी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी बसवली. मात्र डॉक्टरचा दाखला १८७४ च्या कायद्यापर्यंत सक्तीचा नव्हता. तान्ह्या मुलांच्या नावापुढे ‘अशक्तपणा’, ‘आकडी’, ‘दात येणे’ असे काहीही लिहिले जाई. क्षय, गोवर, डांग्या खोकला, हगवण हे रोग तर घरचेच झाले होते. शतकभरात त्यांनी पटकीपेक्षा (कॉलरापेक्षा) कितीतरी जास्त माणसे नेली. दहशत मात्र पटकीची होती.

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री सोहोतील ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीचा उद्रेक झाला आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेने रोग पसरतो हे तेव्हाचे सर्वमान्य मत. डॉ. जॉन स्नो यांना संशय होता पाण्याचा. त्यांनी निबंधक कार्यालयातून त्या आठवड्याच्या नोंदी मिळवल्या आणि शेवटच्या तीन दिवसांतील ८३ मृत्यूंचे पत्ते हाती घेऊन चौकशी सुरू केली. बहुतेक घरे ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाजवळची निघाली. दहा मृत्यू मात्र दुसऱ्या पंपांजवळच्या घरांतले होते. त्यांपैकी पाच घरची माणसे सांगू लागली, आम्ही पाणी ब्रॉड स्ट्रीटचेच आणतो.

ज्यांना काही झाले नाही तेही तितकेच बोलके होते. पोलंड स्ट्रीटवरील वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांच्या कामघरात, ५३५ जण राहत आणि त्यांतले अवघे पाच पटकीने गेले. तिथे स्वतःची विहीर होती. शेजारच्या दारूभट्टीतले सत्तरएक कामगार बिअरवरच तहान भागवत, त्यांतला एकही दगावला नाही. उलट हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा सोहोपासून मैलोगणती दूर असूनही गेली. तिला याच पंपाच्या पाण्याची चव आवडे, म्हणून रोज ते गाडीतून मागवले जाई. ७ सप्टेंबरला स्नो पॅरिशच्या मंडळापुढे गेले आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, त्यामुळे केवळ दांडा काढल्याने ती थांबली ही लोकप्रिय गोष्ट जरा फुगवलेलीच आहे.

पुढे पॅरिशने चौकशी समिती नेमली. तिच्यातले सहायक धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांचा स्नोंच्या म्हणण्यावर आधी विश्वास नव्हता. ते खोडून काढायच्या इराद्यानेच ते घरोघरी फिरले. खरा धागा त्यांना मृत्युनोंदींतच सापडला. पंपासमोरच्या ४० क्रमांकाच्या घरातली पाच महिन्यांची मुलगी २ सप्टेंबरला वारली होती, कारण लिहिले होते जुलाबानंतरचा थकवा. मूल आजारी पडले होते उद्रेकाच्या आधीच. आईने सांगितले, दुपटी धुतलेले पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतत होते. खोदून पाहिले तेव्हा खड्ड्याची वीटबांधणी ढासळलेली आढळली, आणि पंपाची विहीर तिथून तीन फुटांहूनही कमी अंतरावर होती. त्या मुलीचे वडील ८ सप्टेंबरला, म्हणजे दांडा निघाला त्याच दिवशी आजारी पडले आणि पुढे वारले. पंप चालू राहिला असता तर विहिरीत पुन्हा तीच घाण उतरून दुसरा उद्रेक झाला असता, असा व्हाइटहेड यांचा निष्कर्ष होता. दांडा काढण्याचे खरे श्रेय इथे आहे.

१८५५ च्या कायद्याने लंडनमधील पॅरिशांना आरोग्य अधिकारी नेमणे बंधनकारक झाले आणि सेंट जेम्समध्ये एडविन लँकेस्टर हे पहिले अधिकारी आले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदच हैराण झाली, तेव्हा कुठे अभियंते जोसेफ बॅझलजेट यांच्या गटारयोजनेला पैसा मिळाला. १८६६ मधली लंडनची शेवटची मोठी साथ मुख्यतः पूर्व भागात पसरली, कारण तिथली नवी गटारे अजून पुरी झालेली नव्हती. तिचे मूळ एका पाणीपुरवठा कंपनीपर्यंत नेऊन भिडवले ते फार यांनीच, एके काळी हवेलाच दोष देणाऱ्यांनी.