घेर तोच, तळ मात्र फुगतो

पातळ पट्टी वाफवून वाकवायची, टोकं एकमेकांवर घेऊन जोडायची, आत तळ बसवायचा. वाकवलेल्या लाकडाची डबी अशी बनते. पाहणाऱ्याला वाकवणंच अवघड वाटतं, पण पट्टी वाकली की मोडली ते तिथल्या तिथे कळतं. लाकडाची हालचाल उशिरा कळते. हवा कोरडी झाली की तळाभोवती फट पडते, दमट झाली की जोडावर ताण येतो.

याचं मूळ लाकडाच्या पेशींच्या भिंतींत आहे. तिथे सेल्युलोजचे धागे बहुतांशी पेशीच्या लांबीच्या दिशेने असतात. पाण्याचे रेणू या धाग्यांच्या मध्ये शिरून त्यांना बाजूला सारतात, म्हणून लाकूड आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. पूर्ण ओलं लाकूड पूर्ण सुकलं तरी लांबीत साधारण ०.१ ते ०.२ टक्केच आकसतं. आडव्या दिशाही दोन: गाभ्याकडून सालीकडे कमी, वाढीच्या वलयांच्या कडेने साधारण दुप्पट.

पट्टीचे तंतू घेराच्या दिशेने जातात, नाहीतर ती वाकवताना तुटेल. त्यामुळे घेर बदलत नाही. पट्टी उंचीत फुगते, आणि डबी केसभर उंच झाली म्हणून काही बिघडत नाही. तळ मात्र सपाट फळीतून कापलेला असतो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने सतत कमीजास्त होतो. न बदलणाऱ्या कड्यात बदलणारी चकती अडकवलेली, सगळी अडचण एवढीच आहे. झाकणाचंही तेच.

हे किती असतं? ईस्टर्न व्हाइट पाइन पूर्ण सुकताना वलयांच्या कडेने ६.१ टक्के आकसतं, गाभा-साल दिशेने २.१ टक्के. हवेची आर्द्रता ३० वरून ६५ टक्क्यांवर गेली की लाकडातला ओलावा साधारण ६ वरून १२ टक्क्यांवर जातो. तेवढ्यात २० सेंटिमीटर रुंदीचा तळ, वलयं फळीच्या पृष्ठभागाला समांतर राहतील अशी चिरलेली असेल तर, सुमारे अडीच मिलिमीटर फुगू शकतो. वलयं फळीच्या पृष्ठभागाशी उभी राहतील अशी चिरलेली असेल, तर एक मिलिमीटरही नाही. झाड तेच, फरक फक्त चिरण्याचा! डबीसाठी लाकूड निवडताना मी तरी फळीच्या टोकाकडची वलयं आधी पाहायला सांगेन, रंग आणि नक्षी नंतर.

अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या अंडाकृती डब्यांत हे सगळं मुरलेलं दिसतं. पट्टी बहुधा मेपलची, तळ आणि झाकण पाइनचं. तळाचे तंतू अंडाकृतीच्या लांब बाजूला समांतर, म्हणजे फुगायला उरते ती आखूड बाजू. पट्टीचं टोक सरळ न ठेवता त्याच्या निमुळत्या जिभा कापतात आणि प्रत्येक जीभ तांब्याच्या बारीक खिळ्यांनी स्वतंत्र धरतात. अख्खी रुंदी एका ओळीत खिळली असती, तर आकसताना पट्टी चिरण्याचा धोका होता.

उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या हैदा आणि त्लिंगित लोकांची पेटी वेगळी, पण तितकीच हुशारीची. सीडरच्या एकाच फळीला तीन खाचा घेतात, वाफवून तीन कोपरे वळवतात, चौथा खुंट्यांनी किंवा झाडाच्या मुळांनी शिवून जोडतात. चारही बाजू एकाच फळीच्या असल्याने उंचीला बहुतेक सारख्याच फुगतात, आणि कोपऱ्यांवर ओढाताण कमी होते.

बनवताना घाई नडते ती पट्टी सुकण्यात. वाफवलेली पट्टी जाडीतही फुगलेली असते. ती ओली असताना खिळे ठोकून लगेच तळ बसवला, तर सुकल्यावर पट्टी बारीक होते आणि जोड सैल पडतो. म्हणून आत तात्पुरते ठोकळे घालून ती आकारात पूर्ण सुकू द्यावी. ठोकळ्यांना भोकं ठेवावीत, म्हणजे हवा आतूनही खेळते. तळ कडेने सगळीकडे सरसाने चिकटवू नये. पट्टीतून बारीक लाकडी खुंट्या मारून धरावा, म्हणजे त्याला किंचित सरकायला वाव राहतो. काम दमट दिवसांत चाललं असेल, तर तळ घट्ट बसवलेला चालतो, कारण तो पुढे आकसणारच आहे. कोरड्या दिवसांत मात्र तंतूंच्या आडव्या दिशेच्या दोन्ही कडांना थोडी जागा सोडावी. लांबीच्या टोकांना तिची गरज नाही.