कृष्णविवरातला 'अनंत घनतेचा बिंदू' कुणी पाहिला?

'कृष्णविवराच्या मध्यभागी अनंत घनतेचा बिंदू असतो आणि तो 1965 साली पेनरोझ यांनी सिद्ध केला', हे वाक्य व्हिडिओंमधून वर्षानुवर्षं फिरतंय. त्यातली निम्मी गोष्ट खरी आहे.

ब्रिटिश गणिती भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ यांचं 1965 सालचं प्रमेय खरं आहे, पण त्यात 'अनंत घनता' कुठेच नाही. ते एवढंच सांगतं की, काही अटी मान्य केल्या तर आत शिरलेल्या प्रकाशकिरणांपैकी एखाद्याचा तरी मार्ग मध्येच तुटतो. आइनस्टाइनचा सापेक्षतावाद (गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत) त्याच्यापुढे काही सांगू शकत नाही. या तुटण्यालाच सिंग्युलॅरिटी म्हणतात. नकाशाचा कागद संपला म्हणून जमीन संपत नाही, तसंच हे. (गुरुत्वाकर्षणामुळे मार्ग एकवटत कसे जातात, त्याचं मूळ समीकरण कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींचं, 1955 सालचं. व्हिडिओवाले हे हमखास विसरतात.)

आणि 'मध्यभागी' म्हणणंही चूकच. न फिरणाऱ्या कृष्णविवरात सिंग्युलॅरिटी ही जागा नसून वेळ आहे. क्षितिज (जिथून प्रकाशही परत येऊ शकत नाही ती सीमा) ओलांडल्यावर ती समोर नसते, भविष्यात असते. उद्याचा दिवस टाळता येत नाही, तशीच तीही.

मग पर्यायी सिद्धांत? आहेत. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जेम्स बार्डीन यांनी 1968 मध्येच सिंग्युलॅरिटी नसलेलं कृष्णविवर मांडलं. लूप क्वांटम गुरुत्वाकर्षणात (गुरुत्वाकर्षणाला क्वांटम नियम लावू पाहणाऱ्या एका सिद्धांतात) कोसळणारं द्रव्य उसळी घेतं. पण 'आइनस्टाइन खोटा ठरला' हा मथळाही तितकाच पोकळ. 2019 चं एम-87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं छायाचित्र क्षितिजाबाहेरच्या प्रकाशाचं होतं. आतलं कुणीच पाहिलेलं नाही.