लॅन कार्डावर चार पोर्ट आले कुठून?

नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या एका दुकानात मागे "चार पोर्टचं लॅन कार्ड आहे का?" असं विचारलं, तर काउंटरवरच्या पोराने आत जाऊन पाच पोर्टचा स्विच आणला. "सर, एक पोर्ट जास्तच घ्या." त्याची चूक नव्हती. पीसीत बसणारं लॅन कार्ड असो की तारा एकमेकींना जोडणारा स्विच, बाहेरून दोन्हींना सारखीच भोकं. पण स्विचची सगळी भोकं एकाच खोलीत उघडतात, आणि कार्डाचं प्रत्येक भोक हे वेगळ्या खोलीचं दार असतं. कोणी कुठल्या खोलीतून कुठे जायचं, हे पीसी चालवणारी प्रणाली, म्हणजे मधे बसलेला लिनक्स, ठरवतो.

मी विचारत होतो ते अंबड एमआयडीसीतल्या एका पत्राकामाच्या कारखान्यासाठी. तिथे नेटच्या दोन लाइनी येतात, कारण रस्ता खणला की एक तरी तुटतेच. तिसरी तार ऑफिसची. चौथी सीएनसी मशिनांची आणि कॅमेऱ्यांची. तिच्यावर बाहेरचं वारंसुद्धा लागू द्यायचं नाही, कारण त्या मशिनांच्या कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर कोणी अपडेट करत नाही. चार तारा आणि टेबलाखाली एक जुना पीसी. असं कार्ड निवडायला बसलं की लेन, चिप, ड्रायव्हर, ब्रिज असे शब्द अंगावर येतात. ते शब्द मुळात कुठून आले हे कळलं, तर निवड बरीच सोपी होते.

संगणक तारेने जोडायच्या पद्धतीचा, म्हणजे इथरनेटचा, जन्म १९७३चा, झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत, रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या हातून. १९८३मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचं ८०२.३ हे मानक आलं. तेव्हाची कल्पना सरळ होती: एक संगणक, एक तार. एकाच पेटीतून चार तारा कशाला निघतील?

जुन्या पीसीतल्या आयएसए स्लॉटच्या जमान्यात तर दोन निघायचीही मारामार होती. नॉव्हेलच्या एनई२००० कार्डाच्या ढीगभर नकला बाजारात होत्या आणि बहुतेकांच्या हातात त्यांतलीच एक यायची. कार्डावरचे जम्पर बदलून पत्ता आणि आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची लाइन, ठरवायचा. पीसीत आयआरक्यू सगळे मिळून १६, त्यांतले बरेचसे कीबोर्ड, प्रिंटर, हार्ड डिस्क यांनी आधीच अडवलेले. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नलही, सुरू होताना एक आयएसए कार्ड सापडलं की शोध थांबवायचा, कारण अंदाजाने पत्ते चाचपडताना मशीनच अडकून बसायची भीती. दुसरं कार्ड हवं असेल तर बूटच्या ओळीत 'ईथर=' लिहून तुम्हीच सांगायचं. देशात व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झालं, पण ते मॉडेमवरून. लॅन कार्डाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

खरी गोष्ट सुरू होते आयएसएनंतरच्या पीसीआय स्लॉटपासून, आणि तिची नायिका 'ट्यूलिप' नावाची चिप. डीईसी कंपनीच्या २१०४०, २११४० या मालिकेचं हे लाडकं नाव. ती आलेला डेटा प्रोसेसरला न विचारता स्वतःच मेमरीत नेऊन ठेवायची. तिचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सला चिपशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, लिहिला डोनाल्ड बेकर यांनी. ते नासाच्या गोडार्ड केंद्रात होते. १९९४मध्ये त्यांनी आणि थॉमस स्टर्लिंग यांनी १६ साधे पीसी जोडून 'बेओवुल्फ' नावाचा समूह-संगणक उभा केला. प्रोसेसर पळायचे, पण १० मेगाबिटची तार पुरायची नाही. म्हणून दोन-दोन तारा लावून डेटा वाटून पाठवला. लिनक्समध्ये आज 'बाँडिंग' म्हणून जे मिळतं त्याचं मूळ तिथलं. एका पीसीला एकाहून जास्त तारा लागतात, हे लिनक्सच्या दुनियेत तेव्हाच मुरलं.

मग कार्डवाल्यांनी एकाच पट्टीवर चार ट्यूलिप बसवल्या. पीसीआयच्या एका स्लॉटमध्ये सहसा एकच चिप बोलू शकते, म्हणून मधे एक ब्रिज चिप घातली आणि तिच्यामागे छोटी दुसरी बस, म्हणजे डेटाचा सामायिक रस्ता, तयार केली. डी-लिंकचं डीएफई-५७०टीएक्स हे त्यातलं नामांकित: चार २११४३ आणि एक ब्रिज. लिनक्सला हे एक कार्ड दिसतच नाही. त्याच्या लेखी ती चार वेगळी कार्डं.

यातला एक तुकडा मला फार आवडतो. काही मल्टिपोर्ट कार्डांवर बनवणाऱ्याने काटकसर केली आणि मॅक पत्ता (पोर्टची ओळख) साठवणारी ईईप्रॉम फक्त पहिल्या चिपला दिली. बाकी तिघींची पाटी कोरी. ट्यूलिपचा ड्रायव्हर अशा वेळी आधीच्या पोर्टचा पत्ता घेतो आणि शेवटच्या आकड्यात एक मिळवतो. पीसी सुरू करणाऱ्या बायोसने ब्रिजमागच्या चिपना आयआरक्यू धड दिला नसेल, म्हणून तोही आधीच्या पोर्टचाच लावतो. एका रेशनकार्डावर चार भावंडं! 'लिनक्समध्ये चालतं' या दोन शब्दांमागे अशी कोणाची तरी रात्रभराची खटपट असते. कार्ड निवडताना आपण खरं तर तीच खटपट विकत घेत असतो.

आपल्याकडे चार दारांची गरज पडली ती नंतर, आणि वेगासाठी तर नाहीच. २००४च्या ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच २५६ केबीपीएस होती. १० मेगाबिटचं जुनं कार्डसुद्धा त्याच्या चाळीसपट वेगवान. जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं, केबलवाल्यांच्या तारा आधीच गच्च्यांवरून फिरत होत्या, आणि दोन स्वस्त लाइनी घेऊन एक पडली की दुसरीवर जायची युक्ती सुचू लागली. त्याच सुमाराला जुन्या पीसीला फायरवॉल, म्हणजे नेटच्या दाराचा पहारेकरी, बनवणारी लिनक्स वितरणं हाताशी आली: २०००चं स्मूथवॉल आणि त्यातून फुटून निघालेलं आयपीकॉप. त्यांनी पोर्टना रंग दिले. लाल म्हणजे बाहेरचं जग, हिरवा म्हणजे घरचं, नारिंगी म्हणजे ओसरीवरचा सर्व्हर, पुढे वाय-फायसाठी निळा. जाडजूड पुस्तकांना जे जमलं नाही ते या रंगांनी केलं. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी तेव्हा तारांना खरोखरच रंगीत टेप गुंडाळली होती, आणि "लाल काढून परत लाव" एवढं फोनवर सांगून काम भागायचं.

त्या पीसीत तीन कार्डं होती, तिन्ही रियलटेक ८१३९. स्वस्त, कुठेही मिळणारी आणि रचनेने कंजूष: आलेलं प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला पुन्हा एकदा उचलून जागेवर न्यावं लागायचं. २५६ केबीपीएसला ते खपून गेलं. ऑफिसमधून सर्व्हरवर मोठ्या फायली जाऊ लागल्यावर पेंटियम-३ धापा टाकायला लागला.

गिगाबिट आलं आणि हिशोबच उलटला. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचं मानक १९९९चं. एक पोर्ट एका दिशेने सेकंदाला १२५ मेगाबाइट वाहून नेतो. साधी पीसीआय बस, ३२ बिट आणि ३३ मेगाहर्ट्झ, १३३ मेगाबाइटची. तीही सगळ्या स्लॉटना मिळून आणि येण्याजाण्याला मिळून. म्हणजे एका गिगाबिट पोर्टनेच बस भरली. चार पोर्टचं गिगाबिट कार्ड साध्या पीसीआयवर लावणं म्हणजे द्वारका चौकात चारही बाजूंनी एकदम सिग्नल हिरवा करणं. सर्व्हरवाल्यांनी लांबलचक पीसीआय-एक्स स्लॉट काढले, पण ते घरगुती मदरबोर्डवर कधी दिसलेच नाहीत. सुटका केली पीसीआय एक्सप्रेसने. २००३च्या पहिल्या आवृत्तीत दर लेनला, म्हणजे कार्डाच्या दर स्वतंत्र रस्त्याला, दर दिशेला २५० मेगाबाइट. दुसऱ्या आवृत्तीत दुप्पट. मुख्य म्हणजे लेन ज्याची त्याची, वाटणी नाही.

कार्डाच्या खोक्यावरचं 'एक्स ४' इथून आलं. चार गिगाबिट पोर्टना एका दिशेला ५०० मेगाबाइट लागतात. दुसऱ्या आवृत्तीची एक लेन कागदावर तेवढंच देते, प्रत्यक्षात थोडं कमी. चार लेन असल्या की विषय संपला. जुन्या ऑफिस पीसीत बहुधा एक मोठा आणि एक-दोन चिमुकले स्लॉट असतात. मोठा स्लॉट ग्राफिक्सचा म्हणून लोक तो सोडून देतात. फायरवॉलला कसलं ग्राफिक्स? कार्ड तिथेच लावावं.

ड्रायव्हरच्या बाबतीत या काळात इंटेलने बाजी मारली. ई१००० हा ड्रायव्हर कंपनीनेच लिहून खुला दिला आणि तो मुख्य कर्नलमध्ये गेला. पुढे ई१०००ई, आयजीबी ही त्याचीच भावंडं. त्यांच्याही वाट्याला भोग आले. २००८मध्ये कर्नल २.६.२७च्या चाचणी आवृत्त्यांत ई१०००ई वापरणाऱ्या काही मशिनांच्या नेटवर्क चिपची स्वतःची मेमरीच पुसली जात होती. सगळ्यांनी ड्रायव्हरला धारेवर धरलं. चोर निघाला एफट्रेस, कर्नलमधली माग काढणारी यंत्रणा, जी भलत्याच ठिकाणी लिहीत होती.

पोर्टच्या नावांचा घोळ वेगळाच. लिनक्स पूर्वी कार्डं सापडतील त्या क्रमाने ईथ-०, ईथ-१ अशी नावं द्यायचा. एक पोर्ट असेल तर ठीक. चार असले आणि अपडेटनंतर क्रम फिरला की लालचं हिरवं. माझ्या हातून हे झालेलं आहे: ऑफिसच्या संगणकांना पत्ते देणारा डीएचसीपी नेटच्या लाइनीकडे पत्ते वाटत बसला आणि मी तासभर केबल बदलत राहिलो. मॅक पत्त्यावरून नाव बांधणारी, लिनक्सच्या यूडेव या भागाची फाइल आली, पण कार्ड बदललं की ती जुन्याचंच नाव धरून बसायची. जानेवारी २०१३मध्ये लिनक्स सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या १९७व्या आवृत्तीने नाव जागेवरून द्यायला सुरुवात केली: कितवी बस, कितवा स्लॉट, आणि मल्टिपोर्ट कार्ड असेल तर शेवटी एफ-०, एफ-१, एफ-२, एफ-३. उच्चारायला कठीण म्हणून लोक अजून नाकं मुरडतात. चार पोर्टवाल्याने मात्र या नावांना नमस्कार करावा.

इंटेलच्या ८२५८०मध्ये आणि मग २०११च्या आसपास आलेल्या आय३५०मध्ये चार पोर्ट एकाच चिपमध्ये बसले. त्याआधी दोन पोर्टच्या दोन चिपा आणि मधे ब्रिज असायचा. एकच चिप म्हणजे ब्रिज गेला, उष्णता घटली, आणि प्रत्येक पोर्टच्या स्वतःच्या रांगा आणि स्वतःचे इंटरप्ट (प्रोसेसरला मारायच्या हाका) कायम राहिले. म्हणूनच आज सर्व्हरमधून काढलेल्या जुन्या चार पोर्टच्या कार्डांत आय३५०चं नाव सगळ्यांत जास्त ऐकू येतं. त्याच कारणाने तिच्या नकलाही निघाल्या. नव्या खोक्यात, संशय यावा इतक्या स्वस्त मिळणाऱ्या आय३५०पेक्षा मी धुळीने भरलेलं, सर्व्हर कंपनीचा पार्ट नंबर असलेलं वापरलेलं कार्ड पत्करतो.

एका चिपचा एक तोटा मात्र आपल्याकडेच जास्त जाणवतो. मे महिन्यात वळीव येतो, विजा कडाडतात आणि गच्चीवरून आलेल्या केबलमधून लॅन पोर्ट उडतात. पोर्टमागच्या ट्रान्सफॉर्मरने १,५०० व्होल्ट अडवावेत असं मानक सांगतं. विजेला मानक कोण वाचून दाखवणार? चार वेगळ्या चिपांच्या कार्डावर एखादी गेली तर तीन उरण्याची आशा असते. आय३५०मध्ये ती आशा कमी. म्हणून बाहेरून तांब्याची तार येत असेल तर ती मदरबोर्डवरच्या किंवा एखाद्या स्वस्त, सुट्या कार्डाच्या पोर्टला द्यावी. फायबर आलं असेल तर ही काळजी बरीच हलकी होते.

आता अडीच गिगाबिटचं पर्व आहे. मानक २०१६चं, स्वस्त कार्डं त्यामानाने अलीकडची. इंटेलच्या आय२२५च्या सुरुवातीच्या चिपांत दोष होता, तो पुढच्या फेरीत दुरुस्त झाला, मग आय२२६ आली. रियलटेकच्या ८१२५ला कर्नलमधला आर८१६९ ड्रायव्हर चालवतो आणि ८१३९च्या आठवणी विसराव्यात इतपत ती बरी आहे. पण चार ८१२५, एक ब्रिज आणि एका लेनची चिमुकली पट्टी असं कार्ड दिसलं की मला १९९९ आठवतं. चार अडीच गिगाबिट पोर्टना १,२५० मेगाबाइट हवेत, दुसऱ्या आवृत्तीची एक लेन देणार ५००. पोर्ट चार, बोळ एकच.

एकाच तारेवर वेगळी जाळी चालवणारा व्हीलॅनवाला स्विच लावून एका पोर्टवरच चारही जाळी का वेगळी काढत नाही, असं कोणीही जाणकार विचारेल. ८०२.१क्यू हे मानक १९९८पासून आहे आणि ते चोख काम करतं. पण कारखान्यात रात्रपाळीला नेट गेलं तर फोन उचलणारा सुपरवायझर असतो, आणि त्याला व्हीलॅन दिसत नाही, लाल टेप दिसते.

अंबडच्या पीसीत शेवटी वापरलेली आय३५०च लागली. ती सर्व्हरमधून निघालेली, त्यामुळे कॅबिनेटला अडकवायची तिची पट्टी आखूड होती. साध्या कॅबिनेटला ती पुरेना आणि कार्ड लोंबायला लागलं. मी नवी पट्टी मागवतो म्हटलं. मालकाने कार्ड हातात घेतलं, व्हर्नियरने मापं घेतली आणि शॉपवर नेऊन एक एमएमच्या पत्र्यातून पट्टी कापून आणली, चारही पोर्टची भोकं अचूक, कडा घासलेल्या. वर विचारलं, "दोन जास्तीच्या करून ठेवू का, भाऊ?"