घोटा

घोटा : (सं. गुल्फ, घुटिका). नडगी व पाऊल यांना जोडणारा सांधा. तसेच त्या सांध्याच्या आतील व बाहेरील बाजूंचे हाडांचे उंचवटे. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी फुटांत सांगतात, गल्लीत शिरलेले पाणी मात्र घोटाभर नाहीतर गुडघाभर असते. या ‘घोटाभर’मध्ये उंचवटा धरायचा की सांधा, असा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. प्राचीन अस्थिगणनेच्या अभ्यासकांना मात्र तो पडला.

चरकसंहितेत दात व नखे धरून ३६० अस्थी सांगितल्या आहेत, सुश्रुतसंहितेत ३००. दोन्ही ग्रंथांचा काळ वादग्रस्त आहे. उपलब्ध रूपे अनेक हातांतून घडलेली असून ती स्थूलमानाने इसवी सनाच्या आगेमागे काही शतकांत आकारास आली असावीत. चरक दोन्ही पायांचे मिळून चार गुल्फ मोजतो. एका पायास दोन, तेव्हा येथे उंचवटेच अभिप्रेत दिसतात. सुश्रुताची एका पायाची मोजणी अशी : बोटांत १५, तळ, कूर्च (तळामागचा हाडांचा झुबका) व गुल्फ मिळून १०, टाचेत १. बेरीज २६. आधुनिक शरीररचनाशास्त्रही पावलात २६ हाडे मानते (घोट्याखालची व टाचेकडची ७, चवड्याची ५, बोटांची १४). हा मेळ मोहात पाडणारा असला, तरी योगायोगच समजणे बरे. पायाच्या अंगठ्यात दोनच हाडे असताना सुश्रुत तीन धरतो. शिवाय त्याच्या दहांतील गुल्फ म्हणजे उंचवटे असतील, तर ते पावलाचे नव्हेत, नडगीकडील हाडांचे भाग होत. प्राच्यविद्येचे अभ्यासक हर्नले यांनी १९०७ मध्ये या गणनांची चिकित्सा करताना मूळ पाठच बिघडल्याचा मुद्दा मांडला. याउलट मर्मप्रकरणात (मर्म म्हणजे शरीरातील नाजूक जागा) सुश्रुत गुल्फमर्म पाऊल व जंघा (नडगीचा भाग) यांच्या सांध्यावर सांगतो. तेथे इजा झाल्यास वेदना, पाऊल ताठणे किंवा लंगडेपणा येतो. म्हणजे शब्द दोन्ही अर्थांनी चालत असावा, जसा मराठीत आजही चालतो.

रचना : नडगीचे जाड हाड व त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड यांची खालची टोके मिळून, सुताराने चौकटीला पाडावी तशी खाच तयार होते. तीत पावलाचे सर्वांत वरचे हाड, टॅलस, बसते. बोटांनी चाचपून पाहिल्यास बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा सुमारे १ सेंमी. खाली व किंचित मागे लागतो. त्याच्या आडकाठीमुळे पाऊल आत जितके वळते तितके बाहेर वळत नाही. हे आतबाहेर वळणे मुख्यतः टॅलसच्या खालच्या सांध्यात होते. घोट्याच्या सांध्यात पाऊल वर-खाली होते, वर सु. २०°, खाली सु. ५०°.

टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नसतो. त्याचा बराच पृष्ठभाग कूर्चेने (सांध्यातील गुळगुळीत, लवचिक आवरणाने) झाकलेला असल्याने रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी. त्यामुळे त्याची मान मोडल्यास हाड मृत होण्याचा धोका असतो. हे हाड पुढे रुंद, मागे अरुंद असते. चढावर पाऊल वर वाकते, रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. उतारावर पाऊल खाली झुकते, अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. यवतेश्वरचा घाट धावत चढणाऱ्याचा पाय सहसा चढताना मुरगळत नाही; साताऱ्याकडे उतरताना रस्त्याच्या कडेच्या खडीवर मुरगळतो, तो यामुळे.

मुरगळताना पाऊल बहुधा आत वळते व बाहेरच्या तीन अस्थिबंधांपैकी (हाडांना हाडे जोडणाऱ्या पट्ट्यांपैकी) पुढचा आधी ताणतो किंवा फाटतो. आतील बाजूचा त्रिकोणी अस्थिबंध इतका चिवट, की तो तुटण्याऐवजी कधीकधी हाडाचाच तुकडा उपटून निघतो.



सांगली हळदीची पेठ असली, तरी मुरगळलेल्या घोट्यावर घरोघर लावतात ती आंबेहळद, आणि ती वेगळी वनस्पती आहे. लेप लावण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : चार पावले टाकता येतात का, आणि उंचवट्याच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबल्यास हाड दुखते का. पावले टाकता येत नसतील किंवा हाड दुखत असेल, तर एक्स-रे काढावा लागतो.